डाळ न शिजणारं पाणी

बार्शीकडच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे मला सासरी आल्यावर कळलं. म्हणजे मऊ होते, पण गळत नाही. कितीही घोटली तरी वरणात डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. सासूबाई डाळीपुरतं पाणी ओढ्याकाठच्या विहिरीवरून आणवत. ते मिळालं नाही तर चिमूटभर खायचा सोडा टाकत. माझं माहेर लांज्याजवळचं. तिथे गाऱ्हाणं अगदी उलट: साबण अंगावरून निघता निघत नाही, दोन तांबे जास्त ओतावे लागतात.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण हमखास द्यायची. कठीण पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला जाऊन चिकटतं, पेशींच्या भिंती घट्ट होतात, डाळ फुटत नाही. मृदू पाण्यात कॅल्शियमच नाही, त्यामुळे साबणाचा साका होत नाही आणि फेस संपत नाही. मुलं लिहून घेत, तास संपे. खरा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला: दोन्ही गावांखालचा खडक एकच असताना पाण्यात एवढा फरक का?

खडक खरोखर एकच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेलेला बेसाल्ट, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो, देव घडवतो, खडी फोडतो. वजनाने साधारण निम्मा भाग सिलिका. उरलेल्यात ॲल्युमिनियम आणि लोह, दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियमचं ऑक्साइड, त्याहून कमी मॅग्नेशियम, थोडं सोडियम आणि नावापुरतं पोटॅशियम. लांज्याला सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, खाली हाच, बार्शीला काळ्या रानाखाली हाच. फरक घडवतो तो पाऊस, आणि पावसाने किती काळ तिथे काम केलंय ते.

हे काम आम्लाचं आहे. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो, पण पाण्याला खरी धार येते ती मातीत शिरल्यावर. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू वरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. त्यातून सौम्य कार्बनी आम्ल बनतं आणि ते बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांना लागतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटून पाण्यात जातात, सोबत बायकार्बोनेट आणि थोडी विरघळलेली सिलिका. मागे राहते चिकणमाती. त्या बायकार्बोनेटमधला कार्बन मुळात हवेतला. हे वाक्य मी वर्गात नेहमी दोनदा म्हणायची, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता बार्शी. पाऊस बेताचा, ऊन कडक. पाणी जमिनीत मुरतं, सावकाश सरकतं, खडकाशी दीर्घकाळ संगत करतं, आणि बरंचसं पुन्हा वर ओढलं जाऊन उडून जातं. सुटलेलं कॅल्शियम दूर जातच नाही. काही विहिरीत राहतं, काही काळ्या मातीत चुनखडीचे खडे होऊन बसतं. मातीसुद्धा सिलिका राखून असलेली, पाण्याने फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. सासूबाईंच्या बंबाच्या आत जो पांढरा थर बसायचा, त्यातलं कॅल्शियम बेसाल्टचं आणि कार्बन बराचसा हवेतला, मुळांच्या वाटेने आलेला. त्या तो थर चिंचेच्या कोळाने काढायच्या.

घाटावरच्या आणि कोकणाच्या ओल्या पट्ट्यात हिशेब निराळा. महाबळेश्वर, गगनबावडा, आंबोली इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. अशा पाण्यापुढे जे जे निघू शकतं ते निघून जातं. आधी सोडियम आणि कॅल्शियम, मग मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. एवढं झाल्यावरही पाऊस थांबत नाही, तेव्हा सिलिकाही जाते. शेवटी उरतात हट्टी दोघं, लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा. ॲल्युमिनियम जिथे फार साठलं तिथे बॉक्साइट. राधानगरी, शाहूवाडीकडच्या पठारांवर त्याच्या खाणी झाल्या. सड्यावर उभं राहून खाली पाहिलं की पायाखाली एका खडकाचं जे काही उरलंय ते दिसतं. बाकीचा खडक अरबी समुद्रात गेला.

माहेरी गेले की चिरेखाण बघायची मला सवय आहे. वर भोकाभोकांचा लालसर कठीण थर, त्यातून यंत्राने कापलेले चिरे. खाली थर मऊ होत जातो. आणखी खाली पांढरट-जांभळट चिकणमाती लागते. ती चिरेवाल्याच्या कामाची नाही, म्हणून खाण तिथे संपते. विहीर खणणारे पुढे जातात, त्यांना कुजलेला कातळ लागतो, एकाआत एक पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आणि मग कधीतरी ठणठणीत काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून धडधडत खाली येतं, त्या चिकणमातीवर अडतं आणि आडवं वाहून उताराला झऱ्यासारखं बाहेर पडतं. म्हणूनच जांभ्यातल्या विहिरी आषाढात तुडुंब आणि शिमग्यानंतर कोरड्या. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्या पाण्याची आणि ताज्या खडकाची गाठच पडत नाही. मध्ये कित्येक मीटर असा माल, ज्यातलं द्यायचं ते केव्हाच देऊन झालंय.

पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांकडे एक टीडीएस पेन असतं, पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा दाखवणारं. आकडा दाखवून माणसाला घाबरवायचं, हा त्याचा मुख्य उपयोग. मी ते फिरायला जाताना पर्समध्ये ठेवते. ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं, तेव्हा आकडा थोडा मागेपुढे धरायचा. आमच्या सड्याखालच्या झऱ्यावर ते लिटरमागे पंचवीस-तीस मिलिग्रॅम दाखवतं. आंबा घाटाच्या उतारावर, जिथे पाणी उघड्या कातळावरून आणि पापुद्रे सुटलेल्या धोंड्यांमधून येतं, तिथे साठ-सत्तर. बार्शीच्या बोअरवर नऊशेच्या पुढे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आम्ही बार्शीकर अजून ‘चालवून घेतलेल्या’ वर्गात.

माहेरच्या त्या पंचवीस-तीसमध्येही खडकाचा वाटा थोडाच. मोसमी वारे समुद्रावरून येताना मीठ घेऊन येतात. कोकणातल्या ओढ्यातलं सोडियम आणि क्लोराइड बऱ्याच अंशी पावसातून आलेलं समुद्राचंच मीठ असतं. नदीचं पाणी तपासणारे शास्त्रज्ञ पहिल्यांदा ते वजा करतात आणि मगच खडकाचं नाव घेतात.

इथे एक घोटाळा होण्यासारखा आहे. पाणी पातळ म्हणजे झीज कमी, असं नाही. किती विरघळलं हे बघायचं तर क्षारांचं प्रमाण आणि पाण्याचा लोंढा यांचा गुणाकार करावा लागतो. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या आणि सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्याचा असा अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी पातळ, पण लोंढा एवढा की चौरस किलोमीटरमागे खडकाची झीज तिकडेच जास्त. घाटाचा उतार तीव्र आहे, माती फार साचत नाही, खडक उघडा राहतो आणि पाऊस त्यावर सतत कोसळतो. सडा आणि घाटाचा कडा शेजारी शेजारी असले तरी एक थकलेला आणि दुसरा ऐन भरात.

मला सांगायचं आहे ते एवढंच. जंगल किती हिरवं आणि पाऊस किती पडतो, यावरून नदी किती श्रीमंत आहे हे ठरत नाही. पाण्याला ताजा खडक भेटतो की नाही, यावर ते ठरतं.

हे जगात सर्वांत मोठ्या मापाने दिसतं ते ॲमेझॉनच्या खोऱ्यात. ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो आणि सोलिमोंइस या नद्या एकत्र येतात, आणि सुमारे सहा किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारी वाहतात. एक कोऱ्या चहासारखी काळी, दुसरी गढूळ पिवळट. वेग वेगळा, तापमान वेगळं, घनता वेगळी. नेग्रोच्या पाण्याचा सामू (पीएच) चार-पाचच्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी, आणि क्षार इतके कमी की प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्याची आठवण व्हावी. सोलिमोंइसचा सामू सातच्या जवळ आणि क्षार कैक पटीने जास्त.

दोन्हींवर पाऊस धो धो, दोन्हींच्या काठी घनदाट अरण्य. पण सोलिमोंइस अँडीजमधून येते. तिथे डोंगर अजून वर उचलले जात आहेत, कडे कोसळत आहेत, रोज नवा खडक पाण्यापुढे येतो आहे. नेग्रो येते गयानाच्या प्राचीन ढालीवरून, अब्जावधी वर्षं जुन्या सपाट प्रदेशावरून, जिथे माती जाड, धुऊन निघालेली, आणि बऱ्याच भागात नुसती पांढरी वाळू. त्या वाळूत कुजणाऱ्या पाल्यातली सेंद्रिय आम्लं अडवायला चिकणमाती नाही. ती तशीच पाण्यात उतरतात आणि काळा रंग देतात. रोनाल्ड गिब्ज यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं, की ॲमेझॉन वाहून नेते त्या गाळापैकी ८२ टक्के गाळ खोऱ्याच्या फक्त १२ टक्के भागातून, म्हणजे अँडीजमधून येतो. उरलेल्या अफाट हिरव्या सपाटीचा वाटा किरकोळ.

पुढे १९८० च्या दशकात रॉबर्ट स्टॅलर्ड आणि जॉन एडमंड यांनी याच खोऱ्यातल्या नद्यांच्या रसायनावरून या दोन प्रकारांना शिस्त लावली. एका ठिकाणी वाहून नेणं झिजेपेक्षा वेगवान, त्यामुळे झिजलेलं लगेच वाहून जातं, खडक सतत उघडा. दुसऱ्या ठिकाणी झिजलेलं वाहून जाणंच सावकाश, त्यामुळे मातीचं पांघरूण जाड होत जातं आणि खडक त्याखाली झाकला जातो. त्यांचे लेख वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सतत आंबा घाट आणि आमचा सडा होता.

आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट १८०० साली ओरिनोको आणि नेग्रोच्या वरच्या अंगाला फिरला, तेव्हा काळ्या पाण्याच्या नद्यांवर डास जवळजवळ नसतात, हे त्याने हायसं वाटून नोंदवलं. आम्लधर्मी, पोषणहीन पाण्यात डासांच्या अळ्यांनी खायचं काय?

मग त्या उपाशी मातीवर एवढं जंगल उभं कसं राहतं? व्हेनेझुएलातल्या सान कार्लोस दे रिओ नेग्रो इथे १९७० च्या दशकात एक देखणा प्रयोग झाला. तिथे जमिनीवर मुळांची जाड चटई असते. तिच्यावर किरणोत्सारी कॅल्शियम आणि फॉस्फरस शिंपडला. खाली पाझरला तो हजारातला एक भागही नव्हता, बाकी सगळा चटईने धरून ठेवला. गळलेलं पान कुजतं, त्यातलं द्रव्य मातीत उतरायच्या आत मूळ ते उचलतं. भांडवल मातीत नाही, झाडांत आहे, आणि ते हातोहात फिरतं आहे. तरी थोडी गळती होतेच. ती काही अंशी भरून निघते सहारातून वाऱ्याने येणाऱ्या धुळीने. २०१५ मध्ये उपग्रहाच्या मोजणीवरून अंदाज काढला गेला की दरवर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस असा समुद्र ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडतो. वाळवंट अरण्याला खाऊ घालतं, हे मला कुणी तरुणपणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांना या भांडवलाचा पत्ता फार आधीपासून होता. भाताचा तरवा पेरायच्या आधी भाजावळ करायची: रानातून कवळं, म्हणजे पालेदार फांद्या, तोडून आणायची, त्यावर पातेरा, शेण, गवत पसरायचं, वरून मातीचा थर द्यायचा आणि वैशाखात पेटवायचं. यालाच पुस्तकांत राब म्हणतात. यावरून इंग्रजांच्या वनखात्याशी लोकांचे तंटे झाले, कारण साहेबाला त्यात नुसती जंगलाची नासाडी दिसत होती. नासाडी काही प्रमाणात होतही होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब पक्का होता. जांभ्याच्या आंबट मातीत कॅल्शियम आणि पोटॅश नाही, झाडांत आहे. जाळलं की ते राखेतून वाफ्यात येतं आणि मातीचा सामूही वर चढतो.

याच भाताने खडकातली सिलिकाही उचललेली असते. तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग राख होतो, आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच. माझी आजी तिच्या राखुंडीने दात घासायची. टूथपेस्टमध्येही घासायला सिलिका असते, फक्त ट्यूबचे पैसे पडतात.

आता पुन्हा कार्बनकडे. नदीतून समुद्रात गेलेलं बायकार्बोनेट तिथे कॅल्शियमशी मिळून शिंपल्यांत, प्रवाळांत, शेवटी चुनखडकात बसतं. या व्यवहारात निम्मा कार्बन परत सुटतो आणि निम्मा लाखो वर्षांसाठी अडकतो. फ्रान्सच्या झाक-जोझेफ एबेलमन याने हे १८४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. तो पुढे सेव्हरच्या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याचा प्रमुख झाला. खडकाची चिकणमाती कशी होते याचा विचार करता करता तो हवेपर्यंत पोचला, आणि मग जग त्याला विसरून गेलं. १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी याच धाग्यावरून पृथ्वीच्या तापमानाचा हिशेब मांडला. ज्वालामुखींनी हवा तापवली की पाऊस आणि झीज वाढते, झीज वाढली की कार्बन ओढला जातो आणि हवा निवते. फक्त याला लाखो वर्षं लागतात. आपल्या धुराड्यांची सोय म्हणून कुणी यावर विसंबू नये.

या हिशेबात बेसाल्टचं वजन मोठं आहे. जमिनीचा जेमतेम पाच टक्के भाग त्याचा, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो त्यातला सुमारे तीस टक्के त्याच्या नावावर, असा अंदाज सेलिन देसेर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडला. आणि आपला दख्खनचा बेसाल्ट तर विषुववृत्त ओलांडून आलेला. तो ओतला गेला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. तिथून उत्तरेला सरकताना हे सगळं पठार विषुववृत्ताच्या उष्ण, पावसाळी पट्ट्यातून गेलं. डेनिस केंट आणि जोव्हानी मुट्टोनी यांनी २००८ मध्ये असा तर्क केला, की त्या प्रवासात झालेल्या झिजेने हवेतला कार्बन बराच कमी केला आणि पृथ्वीच्या दीर्घकाळच्या थंडाव्याला हातभार लावला. सगळ्यांना तो मान्य नाही. हिमालयाच्या उठावाला श्रेय देणारे बरेच आहेत. मला मात्र माहेरची जमीन एकेकाळी विषुववृत्तावर होती, याचा उगाच अभिमान वाटतो.

या विषयातली एक गोष्ट मात्र वर्गात सहजपणे बोलता येत नाही. ओल्या डोंगराळ प्रदेशात ताजा खडक उघडा पडतो तो बहुतेक वेळा दरड कोसळून. भूरसायनशास्त्राच्या लेखांत ते स्वच्छपणे लिहिलेलं असतं: दरडींमुळे नवा पृष्ठभाग मिळतो, झीज वाढते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये दरडीखाली सापडलं, त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. कुजलेल्या खडकाचा जाड थर पाण्याने भरतो, जड होतो आणि उतारावरून सुटतो. त्या प्रक्रियेचं आम्ही केलेलं शास्त्रीय वर्णन खरं आहे, चूक त्यात काही नाही. पण २०२१ नंतर ते वाक्य मी शिकवणीला येणाऱ्या मुलांपुढे एकदाही जसंच्या तसं उच्चारलेलं नाही.

डोंगर न पाडता ताजा खडक पाण्यापुढे ठेवायचा एक मार्ग सध्या चर्चेत आहे: बेसाल्ट दळून शेतात टाकायचा. भुकटीचा पृष्ठभाग प्रचंड, म्हणून झीज भरभर होते. मातीला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं, आंबटपणा उतरतो आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. भारतातही भातशेतीत याचे प्रयोग चालू आहेत. दळायला आणि वाहून न्यायला किती डिझेल जळतं, तो कार्बन वजा करून हाती किती उरतं, आणि शेतातून खरंच किती गेला हे मोजायचं कसं, यावर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण कागदावर तरी कोकणाइतकी योग्य जागा कमी असेल. माती आंबट, पाऊस भरपूर, ऊब भरपूर, आणि काळ्या पाषाणाच्या खडी क्रशरवर भुकटीचे ढीग लागलेले.

गेल्या उन्हाळ्यात मी हे भावाला सांगितलं. तो भात लावतो, आंबा करतो, आणि माझं बोलणं नेहमी पूर्ण ऐकून घेतो. सगळं ऐकल्यावर म्हणाला, “ताई, भात वाढलं तर ते माझं, पटलं. पण कार्बन खाली गेला तर तो सगळ्या जगाचा ना? मग ट्रॅक्टरचं अर्धं भाडं जग देणार का?”

अर्धं भाडं मी दिलं. एक खेप खालच्या मळ्यात दोन चोंढ्यांत पसरली, शेजारचे दोन चोंढे तसेच ठेवले. क्रशरवाल्याने भुकटी फार बारीक दिली नाही, त्यामुळे यंदा काही दिसेल असं मला वाटत नाही. भावाचा आक्षेप वेगळाच आहे: पावसाच्या पहिल्या सरीला निम्मी भुकटी बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात गेली, आणि शेजारी अजून एक रुपया द्यायला तयार नाही.